घरगुती फिश टँकसाठी काच कशी निवडावी: उंची, जाडी आणि कडांचा हिशेब

घरी छोटा फिश टँक बनवायचे ठरले की बहुतेक जण आधी मासे पाहून येतात, मग टाकीचे माप मनाशी ठरवतात आणि सर्वांत शेवटी काचेच्या दुकानात जातात. जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा चाळीसगावच्या काचेच्या दुकानांत रोजचे काम असते ते खिडक्यांचे, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगचे आणि दुकानांच्या शोकेसचे. त्यामुळे “चारची (म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची) काच घ्या, काही होत नाही” असे काचवाला सांगतो, तेव्हा तो आपल्या अनुभवातले खरेच सांगत असतो. मात्र तो अनुभव खिडकीचा असतो. खिडकीची काच वाऱ्याचा झोत क्षणभर सोसते आणि पुन्हा मोकळी होते. टाकीची काच एकदा पाणी भरले की रात्रंदिवस, वर्षानुवर्षे त्याच ताणाखाली उभी असते. सततच्या ताणाखाली काचेतल्या अतिसूक्ष्म चिरा हळूहळू वाढत जातात आणि पाण्याचा ओलावा त्या वाढीला मदत करतो. म्हणूनच आठवडाभर व्यवस्थित उभी राहिलेली टाकी नवव्या दिवशी मध्यरात्री कोणीही हात न लावता तडकू शकते. माझ्या पहिल्या टाकीचे नेमके असेच झाले होते.

या लेखात तीन फूट लांबी आणि दीड फूट उंचीपर्यंतच्या टाक्यांचाच विचार केला आहे. त्याहून मोठी टाकी करायची असेल, तर हे काम अनुभवी कारागिराच्या हाती द्यावे.

आधी उंची ठरवावी

काचेची जाडी ठरवताना टाकीत किती लिटर पाणी मावते हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी किती उंच उभे राहणार आहे, हा पहिला प्रश्न. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. हतनूर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात एक फूट खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असतो, तेवढाच दाब तुमच्या दिवाणखान्यातल्या टाकीत एक फूट खोलीवर असतो. वर पृष्ठभागापाशी हा दाब शून्य असतो आणि तळाशी सर्वाधिक, म्हणून सरासरी काढताना निम्मी उंची धरावी लागते.

उदाहरणार्थ, ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच अशी समोरची काच घेऊ. क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटिमीटर आणि सरासरी खोली १५ सेंटिमीटर. म्हणजे या एका काचेवर सुमारे २७ किलो वजनाइतका रेटा बाहेरच्या दिशेने असतो. लांबी तीच ठेवून उंची ४५ सेंटिमीटर केली, तर हाच रेटा जवळपास ६१ किलो होतो. उंची दीडपट झाली, रेटा सव्वादोनपट झाला. काचेला पडणारा बाक तर यापेक्षाही वेगाने वाढतो. म्हणून उंच टाकी दिसायला देखणी असली, तरी तिची प्रत्येक जादा इंच काचेच्या बिलात उतरते.

आपल्याकडे उंची कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि घरातल्या टाकीचे पाणीही बरेच तापते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. माशांना लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून मिळतो, त्यामुळे वीज जाऊन पंप बंद पडला, तर उंच आणि अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकीतले मासे जास्त वेळ तग धरतात. पसरट टाकीला पातळ काच पुरते आणि तीच आपल्या उन्हाळ्याला मानवते, हा योगायोग आपल्या फायद्याचा आहे. पहिल्याच टाकीसाठी २४ × १२ × १२ इंच हे माप घ्यावे आणि १५ इंचांच्या वर उंची नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीचा हिशेब

उंची आणि लांबी ठरल्यावर जाडी अंदाजाने घेण्याचे कारण उरत नाही. वरची कड मोकळी असलेल्या, म्हणजे पट्ट्या न लावलेल्या टाकीसाठी हौशी टाकीकारांमध्ये एक सूत्र रूढ आहे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत:

जाडीचा वर्ग = गुणक × उंचीचा घन × ०.००००१ ÷ ५.०५

यातला गुणक लांबी आणि उंची यांच्या प्रमाणावरून ठरतो. लांबी उंचीइतकीच असेल तर गुणक ०.१६, दीडपट असेल तर ०.२६, दुप्पट असेल तर ०.३२ आणि तिप्पट असेल तर ०.३७ धरावा, मधल्या प्रमाणांसाठी मधला आकडा घ्यावा. शेवटचा ५.०५ हा आकडा असा आला आहे की, साध्या काचेची ताण सोसण्याची क्षमता दर चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरून तिला ३.८ या सुरक्षा-गुणकाने भागले आहे. वर सांगितलेला सततचा ताण, कडांवरचे न दिसणारे दोष आणि पोरांनी मारलेला एखादा चेंडू, या सर्वांची तरतूद त्या ३.८ मध्ये आहे. “थोडी पातळ काच घेतली तरी चालेल” असे म्हणणारा माणूस नेमकी हीच तरतूद खर्ची टाकत असतो.

आता ६०० मिलिमीटर लांब आणि ३०० मिलिमीटर उंच काचेचा हिशेब करू. लांबी उंचीच्या दुप्पट, म्हणून गुणक ०.३२. उंचीचा घन २,७०,००,०००. दोन्हींचा गुणाकार ८६,४०,०००, त्याला ०.००००१ ने गुणल्यावर ८६.४ आणि ५.०५ ने भागल्यावर सुमारे १७.१. याचे वर्गमूळ ४.१ मिलिमीटर येते. ४ मिलिमीटरची काच किंचित कमी पडते, म्हणून ५ मिलिमीटरची काच घ्यावी.

याच पद्धतीने एक फूट लांब आणि एक फूट उंच टाकीसाठी ३ मिलिमीटर उत्तर येते; तिथे ४ मिलिमीटर पुरते. १८ इंच लांब आणि १२ इंच उंच टाकीसाठी उत्तर ३.८ येते. येथे ४ मिलिमीटर कागदावर बसते, तरीही मी ५ घेतो, कारण बाजारातली “चार” पुष्कळदा चार नसते. त्याविषयी पुढे सांगतो. २४ इंच लांब आणि १५ इंच उंच टाकीला ५.४ म्हणजे ६ मिलिमीटर लागते. २४ × १८ इंचांच्या काचेसाठी ६.५ आणि ३६ × १५ इंचांसाठी ६.१ येत असल्याने दोन्हीकडे ८ मिलिमीटर घ्यावी. ३६ × १८ इंचांसाठी उत्तर ७.८ येते; तिथे ८ मिलिमीटर काच घेऊन वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्याही लावाव्यात.

जाडी सर्वांत मोठ्या काचेवरून ठरवावी आणि पाचही तुकडे त्याच जाडीचे घ्यावेत. बाजूच्या छोट्या काचा पातळ घेऊन वाचणारे पैसे फार थोडे असतात आणि वेगवेगळ्या जाडीमुळे कटिंगच्या मापात चुका होतात. तळाची काच सपाट फळीवर थर्मोकोल घालून पूर्ण टेकवली जाणार असेल, तर तीही तेवढ्याच जाडीची पुरते. फक्त चारही कडांवर लोखंडी स्टँडच्या आधाराने तोलली जाणार असेल, तर तिच्यासाठी वरचा हिशेब लागू होत नाही. तशा स्टँडवर आधी १९ मिलिमीटरचा प्लाय टाकावा आणि हा प्रश्नच मिटवावा.

कोणती काच घ्यावी आणि कोणती टाळावी

आपल्याला हवी ती साधी, पारदर्शक फ्लोट काच. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरवून ती तयार होते, म्हणूनच तिला हे नाव पडले. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. या पद्धतीमुळे काचेच्या दोन्ही बाजू सपाट, समांतर निघतात आणि समोरून पाहताना मासे वेडेवाकडे दिसत नाहीत. आपल्यापासून फार दूर नसलेल्या गुजरातच्या भरूच जिल्ह्यात फ्लोट काचेचे कारखाने आहेत, तेव्हा ही काच मिळवण्यासाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. काचेची कड हिरवट दिसते ती तिच्यातल्या लोहामुळे, आणि त्यात दोष काही नाही. लोहाचे प्रमाण कमी असलेली “एक्स्ट्रा क्लिअर” काच दिसायला सुंदर असते, परंतु ५ मिलिमीटर जाडीत डोळ्यांना जाणवणारा फरक थोडा आणि किमतीतला फरक मोठा असतो. हौस असेल तर फक्त समोरची काच तशी घ्यावी.

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली काच अधिक मजबूत म्हणून तीच घ्यावी, असा सल्ला हमखास मिळतो. ती साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते हे खरे; पण ती एकदा टफन केल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि कडेला बारीक घाव बसला तर संपूर्ण काच एका क्षणात खड्यांसारख्या तुकड्यांत कोसळते. साधी काच तडकते तेव्हा बहुधा चीर पडते, पाणी गळू लागते आणि बादली आणायला वेळ मिळतो. टफन्ड काच तो वेळ देत नाही. छोट्या टाकीला तिची गरज नाही. फ्रिजमधल्या जुन्या काचा आणि अनेक टेबलांच्या काचा टफन्ड असतात. कोपऱ्यात शिक्का असेल किंवा पोलराइज्ड गॉगलमधून पाहिल्यावर काचेवर गडद डाग वा पट्टे दिसत असतील, तर ती टफन्ड समजावी आणि तिच्यावर काच कापायची हिरकणी चालवू नये.

नक्षीची किंवा पिनहेड काच, आरसा, रंगीत रिफ्लेक्टिव्ह काच यांचा विचार करू नये. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमधला पडदा कडेने सतत ओला राहिल्यास पांढुरका पडून सुटू लागतो.

जुन्या घराच्या खिडक्यांतून निघालेली किंवा भंगारातून आणलेली काच हा आपल्याकडचा मोठा मोह आहे. फुकटची काच टाकून देणे जिवावर येते, हे मीही जाणतो. तरी अशा काचेवर वर्षानुवर्षांच्या पुसण्याचे ओरखडे असतात, आणि काच नेहमी पृष्ठभागावरच्या किंवा कडेच्या दोषापासूनच फुटायला सुरुवात होते. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने काचेवर प्रयोग करून दाखवले की, काचेची प्रत्यक्ष ताकद तिच्यातल्या सूक्ष्म चिरांवरून ठरते. म्हणूनच ओरखडे पडलेली पाचची काच नव्या चारच्या काचेहून दुबळी असू शकते. जुनी काच टाकीवरच्या झाकणासाठी ठेवावी, तिथे ती उत्तम काम देते.

दुकानात काय तपासावे

सर्वप्रथम जाडी मोजावी. खिडक्यांसाठी ३.५ मिलिमीटरची काच सर्रास मिळते आणि बोलताना तिलाच “चारची” म्हटले जाते. यात फसवणुकीपेक्षा सवयीचा भाग अधिक असतो. चांगल्या ५ मिलिमीटर काचेत ०.२ मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून अधिक नाही. व्हर्नियर कॅलिपर (जाडी मोजायचे उपकरण) असेल तर तुकड्याच्या चारही बाजूंनी मोजावे. नसेल, तर काचेचे वजन करावे. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. या हिशेबाने ६१० × ३०५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन फूट बाय एक फुटाचा तुकडा ५ मिलिमीटरचा असेल तर सुमारे २.३३ किलो, ४ मिलिमीटरचा असेल तर १.८६ किलो आणि ३.५ मिलिमीटरचा असेल तर १.६३ किलो भरतो. शेजारच्या किराणा दुकानातला काटा हा फरक बिनचूक दाखवतो.

यानंतर काच उजेडाकडे धरून तिरकी पाहावी. आत बुडबुडा, खडा किंवा लांब ओरखडा दिसल्यास तो तुकडा सोडून द्यावा. पावसाळ्यात एकावर एक ठेवलेल्या काचांमध्ये ओल शिरली, की त्यांच्यावर पांढुरका किंवा इंद्रधनुषी थर धरतो. पुसून न जाणारा असा थर म्हणजे काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. ती काच कधीच स्वच्छ दिसत नाही आणि त्या जागी काचा जोडणाऱ्या सिलिकॉनची पकडही भरवशाची नसते. बोअरच्या जड पाण्याचे क्षारांचे डाग मात्र वेगळे. ते पांढऱ्या व्हिनेगरने निघतात.

आता मापांकडे वळू. सुतार आणि काचवाले सुताच्या भाषेत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. टाकीच्या जोडात एवढी तफावत फार होते. म्हणून कागदावर सर्व मापे मिलिमीटरमध्ये लिहून द्यावीत. २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत उभ्या काचा तळाच्या काचेवर बसवायच्या असतील, तर ५ मिलिमीटर काचेसाठी मापे अशी येतात: तळ ६१० × ३०५, समोरची व मागची काच प्रत्येकी ६१० × ३००, आणि दोन्ही बाजूंच्या काचा प्रत्येकी २९३ × ३००. बाजूची काच ३०५ ऐवजी २९३ होण्याचे कारण असे की, समोरच्या व मागच्या काचेची जाडी मिळून १० मिलिमीटर आणि दोन्ही जोडांतल्या सिलिकॉनसाठी प्रत्येकी १ मिलिमीटर वजा करावे लागते. एकूण काच ८ चौरस फुटांच्या आसपास लागते आणि रिकाम्या टाकीचे वजन सव्वानऊ किलोंच्या आसपास होते.

समान मापाचे तुकडे एकाच शीटमधून, एकापाठोपाठ कापून घ्यावेत. कापल्यावर जोडीचे तुकडे एकमेकांवर ठेवून कडा जुळतात का ते बोटाने चाचपावे आणि प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ६१० × ३०० च्या तुकड्याचा कर्ण ६८० मिलिमीटर भरला पाहिजे आणि दोन कर्णांत एका मिलिमीटरहून अधिक फरक नसावा.

कडांकडे सर्वाधिक वेळ द्यावा

हे काम बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात, आणि माझी पहिली टाकी गेली ती इथेच. समोरच्या काचेच्या खालच्या कडेला, कोपऱ्यापासून चार बोटांवर, तांदळाच्या दाण्याएवढा टवका होता. तो सिलिकॉनखाली झाकला जाईल म्हणून मी दुर्लक्ष केले. नवव्या रात्री पडलेली चीर बरोबर त्याच टवक्यातून वर गेली होती. टाकी उंचसखल शहाबादी फरशीवर थेट ठेवली होती, ही दुसरी चूक.

हिरकणीची रेघ एकसंध आणि एकाच हाताने ओढलेली असावी. एकाच रेघेवर दोनदा हिरकणी फिरवली, तर कड दातेरी होते. प्रत्येक कड घरी आणून अंधारात बॅटरीच्या उजेडात, कडेला समांतर पाहावी. आत शिरलेली चीर त्या उजेडात चांदीच्या तारेसारखी चमकते. चीर दिसली तर तो तुकडा बाद. नुसता टवका वरच्या मोकळ्या कडेला आणि एका मिलिमीटरहून लहान असेल, तर घासून काढता येतो. खालच्या कडेला किंवा कोपऱ्याला असेल, तर मी तो तुकडा परत करतो.

कडांची धार मोडण्यासाठी कार्बोरंडमचा दगड किंवा २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, कडेच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. कोरडे घासू नये, कारण काचेची भुकटी श्वासात जाते. जोडल्या जाणाऱ्या कडा आरशासारख्या चकचकीत करण्याची गरज नाही. वरची मोकळी कड मात्र मशीनवर पॉलिश करून घ्यावी, कारण रोज हात तिथूनच आत जातो.

दुकानातून घरी आणतानाही कडांचीच काळजी घ्यावी लागते. काच आडवी ठेवू नये. ती उभी, दोन तुकड्यांत वर्तमानपत्र घालून, गोधडीत गुंडाळून न्यावी. रावेर-यावलकडे केळीचे घड वाळल्या पानांत ज्या निगुतीने रचतात, तीच निगुती इथे हवी. मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर धरलेली काच पहिल्याच खड्ड्यात कोपरा गमावते.

जोडणी आणि पाण्याची परीक्षा

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या, बुरशीनाशक मिसळलेल्या सिलिकॉनने मासे मरू शकतात. काचेची जोडणीची कड स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळे घट्ट होते, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये ते वरून लवकर सुकलेले दिसले, तरी आतून कच्चे असू शकते. त्या दिवसांत मी आठवडाभर थांबतो आणि खोलीत ओले पोते टांगून ठेवतो.

पहिल्यांदा पाणी घराबाहेर, सावलीत भरावे. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले किंवा टाकी अर्धी उन्हात अर्धी सावलीत राहिली, तर साधी काच तापमानातल्या फरकानेच तडकू शकते. सपाट फळी, तिच्यावर थर्मोकोलची शीट आणि वर टाकी, अशी मांडणी करावी. एक तृतीयांश पाणी भरून काही तास थांबावे, मग दोन तृतीयांश, मग वरून एक इंच सोडून पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर समोरच्या काचेच्या वरच्या कडेला स्टीलची सरळ पट्टी लावून फुगवटा पाहावा आणि खडूने लिहून ठेवावा. पूर्ण भरल्यानंतर तो तासागणिक वाढत राहिला, तर पाणी लगेच काढून टाकावे. भरलेली टाकी ४८ तास तशीच ठेवावी. वाळू आणि पाणी धरून या टाकीचे वजन ७० किलोंच्या आसपास जाते, म्हणून भरलेली टाकी कधीही उचलू वा सरकवू नये.

परीक्षा पार पडली की मापांचा कागद, काचेची जाडी आणि जोडणीची तारीख लिहून टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवून ठेवावी. पुढे एखादी काच बदलावी लागली, तर त्या चिठ्ठीवरूनच काचवाला नेमका तुकडा कापून देऊ शकतो.